आधी जमीन, मग मशीन: सोलापूरच्या एका निवृत्त सराफाचं सोनशोधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण सोलापुरातल्या एका सराफी घराण्याचं आहे. नावं, पेठ आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्यांच्याभोवती हे घडलं त्यांना नाना म्हणू. वय पासष्टच्या पुढे, दुकान पुतण्याकडे सोपवलेलं, मुलगा आणि सून मेलबर्नला. पुतण्या माझा जुना विद्यार्थी. मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून त्याने मला मध्ये ओढलं.

नानांना सोनं ओळखायला शिकवावं लागत नाही. कसोटीवर ओढलेली रेघ बघून ते कॅरेट सांगतात आणि ते सहसा चुकत नाही. पण त्यांच्या डोक्यात खरं घर केलं होतं ते झारेकऱ्यांनी. सराफ कट्ट्यावरच्या दुकानांतली झाडलोट, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी झारेकरी विकत घेतात आणि धुऊन त्यातून सोनं काढतात. कारागिराच्या हातून निसटलेलं सोनं मिळवायचा हा धंदा. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे लोक याच जातीचे. पहिल्यांनी घाईत टाकलेल्या मातीत काय राहिलं, ते बघतात. नानांना कुणीतरी मोबाइलवर तसे व्हिडिओ दाखवले आणि दुकानातून सुटलेला माणूस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ऑस्ट्रेलियातली लाल माती बघत बसू लागला.

अडचण

याच सुमारास एक पार्टी भेटली. तिघे जण, बोलणं गोड, गाडी चांगली. त्यांचं म्हणणं असं: रायचूर जिल्ह्यात हट्टी-मस्कीच्या पट्ट्यात राजा-महाराजांच्या काळातल्या सोन्याच्या खाणी आहेत, मशीन त्यांच्याकडे आहे, शंभर फुटांवरून सोनं दाखवतं, फक्त भांडवल कमी पडतंय. नानांनी चार लाख घालायचे, निघेल त्यात तिसरा हिस्सा. बयाणा म्हणून पन्नास हजार नानांनी पुतण्याला न विचारता देऊनही टाकले होते.

पार्टीच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, हीच खरी अडचण. निव्वळ थाप असती तर नाना फसले नसते. हट्टीला जुन्या खाणी आहेत आणि त्या फार जुन्या आहेत. दगड तापवायचा, तडकवायचा आणि फोडायचा, अशा पद्धतीने तिथे प्राचीन काळी खोलवर खणलं गेलं. मस्कीचा अशोकाचा शिलालेख, ज्यात 'अशोक' हे नाव स्पष्ट येतं, तो 1915 मध्ये सापडला तोही सोन्याच्या खाणींवर काम करणाऱ्या सी. बीडन नावाच्या इंजिनिअरला. हट्टीची खाण आजही चालू आहे, ती कर्नाटक सरकारच्या कंपनीची. कोलारची 2001 मध्ये बंद झाली. सोलापूरपासून हट्टी सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. सराफाला एवढं पुरतं.

पुतण्याने मला विचारलं, "सर, तिथं सोनं आहे का?" मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, "मग आता नानांना थांबवायचं कसं?"

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पार्टीबरोबर जाण्याचा. त्यात मशीन, जमीन आणि कायदा असे तीन वेगळे प्रश्न होते. नाना आणि पार्टी, दोघंही फक्त मशीनबद्दल बोलत होते. मी ते प्रश्न दुसऱ्या बाजूने घेतले, मशीन शेवटी.

आधी जमीन. हट्टीचं सोनं धारवाडी खडकांमधल्या गारगोटीच्या शिरांमध्ये असतं. हे खडक अडीचशे कोटी वर्षांपेक्षा जुने. सोन्याचे कण इतके बारीक की एक टन दगड दळून, रसायनांतून काढून काही ग्रॅम हाती लागतात. मेटल डिटेक्टर टनभर दगडात विखुरलेले ते काही ग्रॅम 'बघत' नाही. त्याला एका जागी गोळा झालेला धातू लागतो, निदान तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणजे खाण खरी, सोनं खरं, आणि तरीही डिटेक्टर तिथे जवळपास निरुपयोगी. हे ऐकल्यावर नाना पहिल्यांदा गप्प झाले.

कुणीतरी मध्येच सोलापूर जिल्ह्यातल्याच एका टेकडीचं नाव काढलं, म्हणून तेही सांगितलं. आपण बसलोय तो सगळा दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. धारवाडी खडक असलेच तर या थरांच्या खाली कुठेतरी. त्या टेकडीवर सोनं शोधायचं असेल तर एखाद्याची अंगठी पडलेली असावी लागेल.

मग कायदा. खनिजांसाठीचा 1957 चा कायदा परवान्याशिवाय सोन्याचा शोध घेऊ देत नाही, मग जमीन स्वतःची का असेना. पुरलेली नाणी किंवा दागिने सापडले तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत खोदकामाला बंदी. वनजमीन असेल तर आणखी वेगळं प्रकरण. 'मुहूर्त', 'बळी' असले शब्द जो काढेल त्याच्यापासून तर लांबच राहायचं. महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने चालणारे प्रकारही येतात. पार्टीतल्या एकाने अमावास्येचा उल्लेख केला होता, असं पुतण्याने हळूच सांगितलं. नानांना ते खटकलं नव्हतं. मला हे चार लाखांपेक्षा जास्त काळजीचं वाटलं.

दुसरा पर्याय, सगळं सोडून द्यायचं. घरच्यांचा कल इकडे होता. काकूंनी तर स्पष्ट सांगितलं, "सोनं विकून पोट भरलं, आता शोधायला कशाला जाताव?"

तिसरा पर्याय फोनवर मुलाने काढला. नाना-काकू उन्हाळ्यात तीन महिने मेलबर्नला जाणारच होते. मेलबर्नहून गाडीने दोन-अडीच तासांवर व्हिक्टोरियाचा जुना सोन्याचा पट्टा आहे: बॅलरॅट, बेंडिगो, डनॉली, मोलियागुल. 1851 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरची माणसं लोटली. 1854 मध्ये परवान्याच्या जाचक फीवरून बॅलरॅटला खाणकाम्यांनी बंड केलं. ते मोडून काढलं गेलं, पण पुढच्याच वर्षी तो परवाना रद्द होऊन 'मायनर्स राइट' नावाचा स्वस्त हक्क आला. तोच आजही चालतो. पंचवीस-तीस डॉलर भरले की दहा वर्षांसाठी मिळतो, पर्यटकालाही मिळतो, आणि त्याखाली परवानगी असलेल्या सरकारी जमिनीवर हाताच्या अवजारांनी काढलेलं सोनं तुमचं.

शिवाय तिथलं सोनं ढोबळ. 5 फेब्रुवारी 1869 ला मोलियागुलजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना 'वेलकम स्ट्रेंजर' हा गोळा मिळाला, तोही जमिनीखाली जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरवर. त्यातून सत्तर किलोच्या वर शुद्ध सोनं निघालं. वजनाला तराजू पुरेना म्हणून डनॉलीत लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. 1980 मध्ये किंगोवरजवळ डिटेक्टरने सापडलेला 'हँड ऑफ फेथ' सत्तावीस किलोंचा. हे आकडे मी नानांना मुद्दाम उशिरा सांगितले, कारण असल्या गोष्टीच माणसाला चार लाख द्यायला लावतात. पण जमिनीतला फरक त्यातून नेमका कळतो. डिटेक्टरला हवं तसं सोनं तिथे आहे, हट्टीला नाही.

काय केलं

पहिलं काम म्हणजे पार्टीच्या मशीनची परीक्षा. ही कल्पना नानांचीच, आणि अस्सल सराफाची. "आमच्याकडं कुणी सोनं आणलं तर आम्ही घासून बघतो की. मशीन पण घासूनच घेऊ."

दुकानामागच्या अंगणात सहा कुंड्या काळ्या मातीने भरल्या. एकीत नानांनी दहा ग्रॅमचं वेढणं पुरलं. कुठल्या, ते फक्त त्यांना ठाऊक, आणि ते स्वतः घरात जाऊन बसले. मी आणि पुतण्या बाहेर, आम्हालाही माहीत नाही. हा तपशील महत्त्वाचा. उत्तर माहीत असलेला माणूस समोर उभा असेल तर मशीनवाला त्याच्या चेहऱ्यावरून ते वाचतो. मशीन म्हणजे मुठीत धरायची एक डबी आणि तिला मोकळी फिरणारी अँटेना. मनगट केसभर कललं की काडी वळणार. आपण कलवतोय हे धरणाऱ्यालाही कळत नाही.

काडी पहिल्यांदा तिसऱ्या कुंडीकडे वळली. मग जागा बदलून धरली तर पाचवीकडे. वेढणं पहिलीत होतं. पार्टीचं स्पष्टीकरण तयार होतं: हे सोनं ताजं आहे, मशीनला मुरलेलं सोनं लागतं, जमिनीत शंभर वर्षं राहिलं की त्याची 'लहर' तयार होते. नाना बाहेर येऊन ऐकत होते. म्हणाले, "अहो, सोनं मुरत नाही. कशातच मुरत नाही, म्हणून तर त्याला सोनं म्हणतात."

व्यवहार तिथेच मोडला. बयाणा परत मिळाला नाही.

असल्या काडीच्या यंत्रांवर जगात याहून मोठे लोक फसले आहेत. गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या काडीवरून बनवलेली 'बॉम्बशोधक' यंत्रं इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला ब्रिटनमध्ये 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. खरा डिटेक्टर वेगळा. त्याची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेची चकती, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूच्या तुकड्यात त्यामुळे क्षणभर प्रवाह फिरतो आणि त्याचा प्रतिसाद मशीन ऐकतं. लहान तुकडा काही इंचांपर्यंतच ऐकू येतो. शंभर फूट म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

मग मेलबर्न. मुलाने दोघांचे मायनर्स राइट ऑनलाइन काढले. मशीन विकत घ्यायचं की भाड्याने, यावर बाप-लेकांत वाद झाला. नाना विकत घ्यायच्या बाजूचे, कारण 'भाड्याचा तराजू कुणी वापरतं का'. पण लोहयुक्त मातीतही न गोंधळणाऱ्या चांगल्या 'पल्स इंडक्शन' मशीनला हजारो डॉलर पडतात आणि साधं, स्वस्त मशीन त्या लोहयुक्त मातीत सारखं ओरडत राहतं. 'हॉट रॉक' म्हणतात ते लोहाचे दगडही सोन्यासारखाच आवाज देतात. शेवटी त्या भागातल्या दुकानातून भाड्याने घेतलं. दुकानदाराने वापरही शिकवला.

जागा निवडण्याचं काम मुलाने नीट केलं. व्हिक्टोरिया सरकारचे भूशास्त्रीय नकाशे ऑनलाइन मिळतात. खोल खाणी त्याने आधीच वगळल्या. जिथे जुन्या लोकांनी हात-दोन हातच माती काढली होती असे उथळ पट्टे निवडले. राष्ट्रीय उद्यानं आणि सोनशोधातून वगळलेली क्षेत्रं नकाशावर लाल केली. नानांना हे कागदी काम कंटाळवाणं वाटत होतं.

पहिली फेरी गर्दीच्या जागी झाली आणि निकाल अपेक्षित तोच: शिशाचे छर्रे, बुटांचे खिळे, काडतुसाची टोपणं, डब्यांचे पत्रे. दीडशे वर्षांचा कचरा. नानांची गंमत अशी झाली की खणून काढण्यात ते तरबेज, पण मशीन चालवण्यात कमी पडत होते. बारीक सोन्याचा आवाज अगदी हलका असतो, मशीनचा चालू सूर जेमतेम हलल्यासारखा. त्यांच्या कानांना तो ऐकू येत नव्हता. हे मान्य करायला त्यांना वेळ लागला. काकूंनी सोलापुरी पद्धतीने मध्यस्थी केली: "टीव्हीचा आवाज किती ठेवताव ते आठवा जरा."

इथून काम बदललं. मुलगा कॉइल फिरवणार, हळू आणि जमिनीला लागून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवून. आवाज आला की नाना गुडघ्यावर. खुरप्याच्या मोठ्या भावासारखी ती कुदळ, तिच्या दांड्याला लोहचुंबक. माती प्लॅस्टिकच्या चाटूत घ्यायची, कॉइलवरून फिरवायची, आवाज आला तर अर्धी तळहातावर ओतायची, पुन्हा फिरवायची, पुन्हा अर्धी. शेवटी चिमूटभर माती उरते आणि तीत तो दाणा असतो. दुकानात झाडलोटीतून सोन्याचे कण वेचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची बोटं इथे कुणापेक्षाही जलद चालत होती. डनॉलीच्या बाजूच्या जंगलात पहिला दाणा असाच मिळाला. नानांनी तो जिभेने ओला केला, नखाने दाबला, म्हणाले, "अडीच गुंज." खिशातल्या काट्यावर घातला तर 0.3 ग्रॅम. सोलापूरहून आणलेली कसोटीही त्यांनी बाहेर काढली; आम्ल विमानात नेता येत नसल्याने नुसती रेघच बघता आली. रेघ पिवळीधमक. तिकडचं सोनं मुळातच शुद्ध असतं, हे त्यांना पुस्तकातून सांगायची गरज उरली नाही.

निर्णयाचा खरा क्षण पुढच्या फेरीत आला. एका जुन्या ढिगाऱ्याच्या कडेला मशीनने ठसठशीत, गोल आवाज दिला. मुलाने फोनवरचा नकाशा पाहिला: वगळलेल्या क्षेत्राच्या आत, रेषेपासून दोन-चार पावलांवर. तिथे तार नाही, पाटी नाही, माणूस नाही. नाना म्हणाले, खण. मुलगा म्हणाला, "नाना, रेषेच्या पलीकडं आहे." मग जे झालं ते मराठीत आणि मोठ्या आवाजात झालं. नानांचा मुद्दा व्यवहारी होता: फोनचा नकाशा दोन-चार पावलं चुकतोच. मुलाचा मुद्दा असा की चुकत असेल तर तो दोन्हीकडे चुकतो. शिवाय व्हिसा त्याचा, नोकरी त्याची, आणि ती जमीन जा जा वुरुंग या मूळ रहिवाशांच्या प्रदेशातली. त्यांच्या वारशाची ठिकाणं वगळलेल्या क्षेत्रांत असू शकतात. त्यांनी खणलं नाही. नाना गाडीत बेंडिगोपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

माझ्या मते मुलगा बरोबर होता, आणि नानांचा मुद्दा चूक नसतानाही बरोबर होता. नकाशात शंका असेल तर शंकेचा फायदा जमिनीला द्यायचा. 'आधी जमीन, मग मशीन' ही सोलापुरात शिकलेली गोष्ट इथे एका मोठ्या आवाजापुढे नानांच्या मनातून निसटत होती.

निष्पत्ती

तीन महिन्यांत, सुट्टीचे दिवस धरून, मिळालेलं सोनं पाच ग्रॅमच्या आत. अर्धा तोळाही नाही. सर्वांत मोठा दाणा दीड ग्रॅमचा, त्याला गारगोटी चिकटलेली. मशीनचं भाडं आणि पेट्रोल धरलं तर खर्च मिळकतीच्या कितीतरी वर. हे आकडे नानांनी स्वतः वहीत जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत लिहून मला दाखवले. लपवले नाहीत, हसलेही नाहीत.

सोनं भारतात आणायचं का, हा शेवटचा प्रश्न. दागिन्यांवरची सीमाशुल्काची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी असते, आणि नैसर्गिक दाणा म्हणजे दागिना नव्हे. आणायचं तर जाहीर करून, शुल्क भरून. पाच ग्रॅमसाठी ती उठाठेव नको म्हणून ते सुनेकडे राहिलं. नानांना त्याचं मंगळसूत्राचं पेंडल घडवायचं होतं. सून म्हणाली, वितळवायचं नाही. यावर अजून निकाल लागलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बयाण्याबाबत माझं मत घरच्यांपेक्षा वेगळं आहे. पन्नास हजार गेले म्हणून त्यांनी विषय मिटवला, पेठेत चर्चा नको म्हणून तक्रार केली नाही. कुंड्यांच्या परीक्षेचा व्हिडिओ पुतण्याकडे आहे, पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद आहे. तक्रारीला याहून चांगला पुरावा क्वचितच असतो. ती पार्टी आता दुसऱ्या कुणाच्या अंगणात असणार. सराफाची अब्रू नाजूक असते हे समजतं, पण इथे फसणारा नाही, फसवणारा लाजायला हवा.

परीक्षा पैसे देण्याआधी घ्यायची, हे तर नाना स्वतःच आता ज्याला-त्याला सांगतात. त्यात मी एवढीच भर घालीन की परीक्षेला सहा कुंड्या कमी पडतात. नुसत्या नशिबाने सहात एकदा बरोबर येऊ शकतं. तसं झालं असतं तर चार लाख गेले असते. पुन्हा पुरून, जागा बदलून, निदान सात-आठ वेळा घ्यायला हवी होती.

सुरक्षेकडे दुर्लक्ष झालं. त्या जंगलात झाडोऱ्याआड जुन्या खाणींच्या उघड्या विहिरी आहेत, काही चांगल्याच खोल. कानाला हेडफोन आणि नजर कॉइलवर असलेला माणूस मागे सरकतो तेव्हा मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. एका फेरीत मुलगा अशा खड्ड्यापासून दोन हातांवर थांबला, तोही काकू ओरडल्या म्हणून. तिसऱ्या माणसाने फक्त पहारा करावा, हा नियम पहिल्याच दिवशी ठरायला हवा होता. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कुठे जातोय ते मागे कुणाला तरी सांगून जायचं, हेही.

आणि रेषेचा वाद. तो जागेवर झाला हेच चुकलं. आवाज कानात असताना कुणालाही रेषा दिसत नाही. कुठवर खणायचं आणि शंका आली तर शब्द कुणाचा, हे आदल्या रात्री जेवताना ठरलं असतं तर बेंडिगोचा तो प्रवास बरा झाला असता.

मायनर्स राइटची दहा वर्षं चालू आहेत. पुढच्या खेपेला स्वतःचं मशीन घ्यायचं असं नानांच्या मनात आहे. मी भाड्यानेच घ्या म्हणून सांगितलं, वहीतले दोन रकाने परत दाखवले. सध्या मुलगा जुन्या मशीनच्या जाहिराती पाठवतो आणि नाना दुकानात पुतण्याच्या शेजारी बसून, चष्मा कपाळावर चढवून, त्यांच्या किमती घासाघीस करून खाली आणण्याचे मेसेज त्याला सांगतात.